हौसाकाकीचा राब

गडब मागे पडलं, रस्त्याच्या कामापायी काढून दिलेल्या वळणावर बस कलली, आणि खिडकीतून निशिगंधाला तो काळा चौकोन दिसला. आता मे महिन्यात पेणपासून रोह्यापर्यंत काळे चौकोन काय कमी असतात? जो तो आपापला राब भाजत असतो. शेणी, पालापाचोळा, डोंगरातून तोडून आणलेली कवळं, म्हणजे पाल्याच्या डहाळ्या, वाफ्यावर पसरायच्या, वर माती भुरभुरायची आणि पेटवून द्यायचं. तण मरतं, माती भुसभुशीत होते, पेरलेलं बी तरारून येतं, ती भाताच्या रोपांची दाढ. आजे-पणजे हेच करत आले. त्यात मान वळवून बघण्यासारखं काही नव्हतं. पण हा चौकोन कासूच्या अलीकडे, नाल्याला लागून, शेवग्याच्या दोन झाडांच्या मधे होता. तो तिचा होता. म्हणजे सातबाऱ्यावर हौसाकाकीचा. पण गेली तीन वर्षं त्या मातीला हात लावायचा तो निशिगंधानं, आणि आज ती पिशवीत खुरपं आणि बाटल्या घेऊन निघाली होती ती त्याच मातीचा शेवटचा नमुना घ्यायला. दुपारी कॉलेजातून परत येताना उतरायचं, असं ठरलेलं. आणि तो वाफा जळून कोळसा झाला होता. वाईट वाटायला हवं होतं. पण त्याआधी डोक्यात एक शब्द येऊन बसला, अगदी स्वच्छ, कुणी कानाशी बोलावं तसा: सुटले.

त्या शब्दानं ती दचकली. इतकी, की उभीच राहिली. "थांबवा, थांबवा हो, उतरायचंय."

"मॅडम, तिकीट रोह्याचं हाय तुमचं."

"असू दे."

कंडक्टरनं घंटी मारली, बस धुरळ्यात थांबली आणि तिला तिथं टाकून निघून गेली. रस्त्याच्या कडेला उभी राहून ती नुसती खोकत राहिली. ऊन आत्ताच डोक्यावर आलं होतं. दोन शेतं तुडवून गेलं की नाला. एरवी ही वाट ती झपाझप चालायची. आज पाय उचलेनात. सुटले म्हणजे काय? कशातून? हा शब्द काही पहिल्यांदा आला नव्हता. फेब्रुवारीत सासूबाई गेल्या तेव्हाही तोच आला होता. इंदुबाई नऊ वर्षं अंथरुणावर. त्यांचं सगळं निशिगंधाच करायची. गणेश, तिचा नवरा, आपल्या मूर्तींच्या कारखान्यात. पेणमधे गणपतीच्या कारखानदाराला चातुर्मास-बितुर्मास काही नसतो, बारा महिने सीझन. सकाळी सासूबाईंना पुसून काढायचं, भरवायचं, मग बस गाठायची, रोह्याला पोरांना सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायचं, परत यायचं, पुन्हा पुसायचं. त्या गेल्या त्या सकाळी आळीतल्या बायका आल्या, म्हणाल्या, "सुटल्या हो बिचाऱ्या." मेलेल्या माणसाला सगळे म्हणतात सुटला म्हणून. जो मागे राहतो त्याच्याबद्दल बोलायची रीत नाही. बायका यायच्या आधी निशिगंधानं चहा केला होता आणि कितीतरी वर्षांनी पहिल्यांदा तो गरम असताना, शेवटच्या घोटापर्यंत, कुणाची हाक न येता प्यायली होती. आत सासूबाई गार पडलेल्या, आणि बाहेर ही चहाच्या चवीनं सुखावलेली. रडू नंतर आलं. भरपूर आलं. पण चहा आधी आला होता, हे तिनं कुणाला, गणेशलासुद्धा, सांगितलं नव्हतं.

मग उरलं होतं हे शेत. लेक सुरभी ठाण्याहून सारखी म्हणायची, "आई, आता तरी बास कर. ना त्याला ग्रँट, ना पेपर. चिखल तुडवत फिरतेस या वयात." आणि निशिगंधा म्हणायची, यंदाचा नमुना शेवटचा. तो चांगला आला की मी मोकळी. हे म्हणताना तिला खरंच वाटायचं की आपण जमिनीच्या बरं होण्याची वाट बघतोय. आत्ता, ढेकळांवरून अडखळत चालताना, तिला पहिल्यांदा शंका आली की आपण नुसती संपण्याची वाट बघत होतो. बरं होऊन संपो नाहीतर मरून.

सुरुवात कशी झाली होती? हौसाकाकीच कॉलेजात आली होती, स्टीलच्या डब्यात माती घेऊन. जेवणाचा डबा असावा तसा पदराखाली धरून. शिपायानं तिला या खोलीतून त्या खोलीत फिरवून शेवटी निशिगंधापुढं आणून उभं केलं. डबा उघडला आणि जळक्या तेलाचा असा भपकारा आला की पुढच्या बाकावरच्या पोरींनी ओढण्या नाकाला लावल्या. रात्रीतून कुणीतरी टँकर आणून नाल्याकाठी रिकामा केला होता, कोणाचा ते शेवटपर्यंत कळलं नाही. काळं, चिकट, डांबरासारखं. नाल्याचं पाणी चढलं आणि ते शेतात पसरलं. तक्रारी झाल्या, साहेब येऊन नाकाला रुमाल लावून गेले. त्या वर्षी भात आलं तेसुद्धा पिवळं, आणि घरात ते दोन महिने शिजलं. मग एक दिवस निकेशच्या, म्हणजे हौसाकाकीच्या मुलाच्या लक्षात आलं की भाताला रॉकेलचा वास मारतोय. त्याच्या बायकोच्या आणि लहान पोरीच्या पायांना, त्या खाचरातलं तण काढत बेणणी केली म्हणून, गुडघ्यापर्यंत फोड आले होते. पोरीचे व्रण अजून आहेत. "हिच्यात काय मेलंय ता बघ," हौसाकाकी डबा पुढे सरकवून म्हणाली होती. निशिगंधानं बघितलं. आठवड्यानं ती स्वतः कासूला आली आणि म्हणाली, "काकी, सगळं नाही मेलेलं. काही जिवंत आहेत, आणि ते हे तेल खातायत. पण थोडे आहेत, उपाशी आहेत आणि त्यांना श्वास घेता येत नाहीये."

ह्यावर शहरातलं कुणी हसलं असतं. हौसाकाकी हसली नाही. "मंग त्यांना जेवान काय लागतं?" म्हणाली.

खाडीकाठी जिथं जुन्या होड्या दुरुस्तीला ओढून ठेवतात, तिथला चिखल आणला. पिढ्यान्‌पिढ्या तिथं इंजिनाचं तेल गळत आलंय. तिथल्या जिवाणूंना तेल पचवायची सवय लागलेली असते. "हे विरजण समजा," निशिगंधा म्हणाली. मग शेण, भाताचं तूस, थोडं खत, ओलावा राखायचा, आणि दर पंधरवड्यानं माती खालीवर करायची, हवा लागली पाहिजे म्हणून. बस. बाकी सगळं ते करणार, न दिसणारे. पहिल्या वर्षी काहीच झालं नाही. म्हणजे झालं असेल, दिसलं नाही. गावातले लोक बांधावरून विचारत, "काय मॅडम, दही लागलं काय?" निशिगंधा हसायची आणि कुदळ मारायची. कधीकधी तिला त्या जिवाणूंची कीव यायची. कुणी टाकलेली घाण, आणि हे अंधारात बसून ती निपटतायत, रेणू रेणू तोडून. ना कुणी बघायला, ना शाब्बास म्हणायला. मग तिला आपलीच कीव आल्याचं लक्षात यायचं आणि ती स्वतःवर चिडायची. दुसऱ्या वर्षी बांधाकडेला हरळी उगवली. तिसऱ्या वर्षी गांडुळं. आणि या जानेवारीत तपासलं तर मातीतल्या तेलाचा आकडा इतका खाली आलेला, की ती प्रयोगशाळेत एकटीच उभी राहून दोनदा बघत राहिली. त्या संध्याकाळी तिनं उतरून हौसाकाकीला सांगितलं. म्हणाली, "आता मे महिन्यातला नमुना एकदा चांगला येऊ दे. मग निकेशला सांगू, लाव भात."

कारण निकेशनं अट घातली होती. वाईट नव्हता पोरगा. कंपनीत शिफ्ट करायचा, आईला शब्दानं दुखवायचा नाही. पण पोरीचे पाय त्याच्या डोळ्यांपुढून जात नव्हते. भराव टाकून त्या तुकड्यावर गाळे काढायचे असं त्याचं दोन वर्षं चाललं होतं, हायवेला लागून जागा, मुरूमवाला तयार बसलेला. "मॅडम, कच्चं-पक्कं नको मला," तो म्हणाला होता. "वरची माती, जिच्यात पोरीचा पाय पडणार, ती एकदा स्वच्छ म्हणा. मी तुमच्या शब्दावर भात लावतो आणि घरात शिजवतो. नाय तर पावसाच्या आत भराव. आये किती रडली तरी." त्याचं काय चुकीचं होतं? मुरूम पडला की हवा बंद, पाणी बंद. खालचं सगळं जिवंतपणी पुरलं जाणार, आणि हौसाकाकीचा तो एकुलता तुकडा, जिथं ती लग्न होऊन आल्यापासून वाकली होती, तिथं चपला-मोबाईलची दुकानं लागणार.

हौसाकाकी बांधावर उकिडवी बसली होती. कपाळाला, हातांना राख, डोळे धुरानं लाल, आणि चेहरा असा खुललेला की निशिगंधाला बघवेना. सत्तरीला टेकलेली बाई, गुडघे गेलेले.

"इलीस? दुपारला येनार व्हतीस ना गो? बघ, कशी भाजली हाय. इस्तू सगलीकडं सारका लागला. एक काडी काय अर्दी जलाली नाय."

"काकी," निशिगंधा म्हणाली. "कवळ कुणी आणलं?"

"कोन आननार? मीच. धा-बारा भारे जाले. ह्या निकेशला इचारलं आसतं तर नाय म्हनला आसता. तो शिप्टला गेला का मी डोंगराला." ती गुडघा चोळत हसली. "चार वरसां हिला इस्तू दाखवला नव्हता. सुतकातल्या घरात चूल पेटवतात काय? पन तू बोललीस ना, बरी जाली. मंग सुतक फिटलं. आनी आज तू नमुना घ्यायला येनार. पावनी येनार म्हनल्यावर घर सारवून ठेवायचं का तसाच दावायचं? म्हनलं, नमुना चांगला यायला पायजे."

निशिगंधा खाली बसली. राखेत बोटं घातली. वरची माती अजून कोमट होती, राखाडी, हलकी. चार बोटं खाली गेलं की गार लागली, ओलसर. खालचे वाचले होते. वरचे भाजून गेले, ते पुन्हा वर येतील, त्याला वेळ लागेल एवढंच. पण खरी गोची ती नव्हती. खरी गोची अशी, की लाकूडपाला धुमसून जळताना जी काजळी धरते, तिच्यात नेमकी तीच जात असते. जळक्या तेलातली तीच चिवट द्रव्यं, जी तीन वर्षं या मातीतून जिवाणूंनी कुरतडून काढली. तिच्या प्रयोगशाळेतल्या जुनाट यंत्राला ही काजळी कुठली आणि ते तेल कुठलं हे वेगळं सांगता येणार नव्हतं. आज वरची माती घेतली तर आकडा उसळी मारणार. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. आणि गंमत बघा, ही काजळी पेण-रोह्यातल्या प्रत्येक राबात आहे, सगळे तेच तांदूळ खातायत, कुणी कधी मोजायला गेलं नाही. मोजलं फक्त हिच्या शेतात जाणार.

आणि हे सांगायला हवं होतं कुणी? तीन वर्षांत एकदाही तिनं म्हटलं नव्हतं की काकी, भाजू नका. तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. पडीक, आजारी तुकडा कुणी भाजत नाही, म्हणून भाजला जात नव्हता. तो बरा झाला की पहिली गोष्ट ही बाई काय करेल, हे पेणमधे जन्म काढलेल्या बाईला कळायला नको होतं? तिला स्वतःचा राग आला, पण रागालासुद्धा अंगात जोर लागतो. तो नव्हता. तिला फक्त तिथंच राखेत आडवं व्हावंसं वाटत होतं.

तिनं सांगितलं. लपवून काय करणार? सोप्या शब्दांत सांगितलं, काजळीचं, यंत्राचं. हौसाकाकीचा चेहरा हळूहळू उतरत गेला. मधेच तिनं हातांची राख लुगड्याला पुसली, पुन्हा पुसली.

"म्हंजी मीच नाट लावली."

"तुम्ही नाही. मी सांगायला पाहिजे होतं."

"खालची घे ना मंग," हौसाकाकी एकदम म्हणाली, खालच्या आवाजात. "चार बोटां खालची. ती चांगली हाय ना? कोनाला कलनार हाय? निकेश काय बघायला बसलाय?"

कुणाला कळणार नव्हतं, हे खरं. खुरपं पिशवीत होतं, बाटल्या होत्या. खालची माती घ्यायची, वरची म्हणून सांगायचं. आकडा चांगला येईल, निकेश भात लावील, हौसाकाकी सुखानं डोळे मिटील, आणि निशिगंधा पेणला जाऊन पंखा लावून झोपेल, दिवसभर झोपेल. खोटंही फारसं नाही. तिला मनातून ठाऊक होतं की जमीन जवळपास बरी आहे. तिनं खुरपं हातात घेतलं. मग तिला ते फोड आठवले. हौसाकाकीनं एकदा नातीचे पाय उघडे करून दाखवले होते आणि पोरगी लाजून आजीच्या मागे लपली होती. ‘जवळपास’ हा शब्द कुणाच्या ताटात वाढायचा? तिनं खुरपं खाली ठेवलं. हौसाकाकीनं ते बघितलं आणि पुन्हा विषय काढला नाही.

तेवढ्यात निकेश आला. रात्रपाळी करून, मोटारसायकलवरून, जागरणानं डोळे चुरचुरत असलेला. काळा वाफा बघून थबकला. "आये, हे तू केलंस?"

"मी नीट सांगितलं नव्हतं," निशिगंधा मधे पडली. "निकेश, आज नमुना घेऊन उपयोग नाही. राखेमुळे आकडा खरा येणार नाही. खालची माती चांगली आहे, वरची आज सांगता येत नाही."

"म्हंजी स्वच्छ नाय."

"नाही असंही म्हणता येत नाही."

"मॅडम, मी बारा तास उभा राहून आलोय. व्हय का नाय, येवढंच सांगा. माझी पोरगी हिच्यात उतरवू का?"

निशिगंधानं हौसाकाकीकडे बघितलं नाही. "यंदा नको," ती म्हणाली.

निकेशनं मान हलवली. त्याला आनंद झाला नव्हता. उलट त्याचे खांदे पडले. "तुम्ही खोटं नाय बोललात, बरं वाटलं," असं काहीतरी तो पुटपुटला, आणि फोन कानाला लावून शेवग्याखाली गेला. त्याचं बोलणं तुटक ऐकू येत होतं. डंपर. उद्या सकाळी. नाय, नाल्याच्या बाजूनं. निशिगंधा राखेकडे बघत बसली. झालं. आता खरोखरच संपलं, बरं न होता. तो मघाचा शब्द परत येईल म्हणून ती वाट बघत राहिली. तो आलाच नाही. आली ती फक्त खाडीकाठच्या चिखलाची आठवण, पहिल्यांदा आणला तेव्हा गोणीतून गळत बसभर पसरलेला, आणि लोकांनी केलेली आरडाओरड, आणि हौसाकाकीनं सगळ्या बसला सुनावलेलं, "इरजन हाय त्या, लाताडू नका!" ती मुकाट रडायला लागली.

हौसाकाकी उठली. बांधापलीकडून सूप घेऊन आली. सुपात भाताचं बी होतं. सकाळीच घरून आणून, फडक्याखाली झाकून ठेवलेलं. पदर खोचला, आणि राखेत उतरून मूठ फेकायला लागली. कोपऱ्यापासून, ओळीनं, मनगट सैल सोडून.

निकेश फोन कानाला तसाच धरून धावत आला. "आये! काय करतेस?"

"पेरते."

"आगो, मॅडम आत्ता काय बोलल्या? हे खाणार कोण?"

"कोन नाय खानार. मी नाय, तू नाय, पोर नाय. कापून बांदावर कुजवीन." तिचा हात थांबला नव्हता. "पन हुबं राहूदे. भाताची मुलं खाली गेली का त्या खालच्यांना खायला मिलतं, हीच बोललेली एकदा. काय गो, बोललेलीस ना?"

निशिगंधानं मान डोलावली. ती कधीतरी बोलली होती. भाताची मुळं मातीत गोड काहीतरी सोडतात, त्यावर जिवाणू पोसतात. विसरलीच होती.

"आये, डंपर सांगितलाय मी."

"मंग येऊदे." हौसाकाकी आता मधोमध उभी होती. "पेरलेल्या दाढेवर मुरूम वत. वतशील? वत बघू. तुज्या बापानं कदी पेरल्या वाफ्यात चप्पल नाय घातली."

 निकेश कंपनीत शिफ्ट करणारा झाला म्हणून काय झालं. वाफ्याच्या कडेशी येऊन त्याचे बूट आपोआप थांबले होते. रागानं त्यानं एक ढेकूळ लाथाडलं, तेही बाहेरच्या बाजूला. फोनमधून कुणीतरी हॅलो हॅलो करत होतं. "नको," तो फोनमधे म्हणाला. "यंदा नको. आयेनं दाढ टाकली." पलीकडचा माणूसही इथलाच असावा, त्यानं वाद घातला नाही. निकेशनं फोन खिशात टाकला. "एकच वर्ष, आये. पुढच्या मेपर्यंत. आणि पोरगी हिकडं फिरकायची नाय." तो गाडीला लाथ मारून निघून गेला.

एक वर्ष. निशिगंधानं डोळे पुसले आणि तिच्या पुढ्यात ते वर्ष उभं राहिलं. ती बस, तो धुरळा, दर पंधरवड्याची कुदळ, सुरभीचे फोन, बाटल्या, जुनाट यंत्र. तिचा जीव घाबरा झाला. हौसाकाकी सुपावरून तिच्याकडे बघत होती, पहिल्यांदाच जरा भीत भीत.

"पुडल्या टायमाला नाय भाजनार. तू सांगशील तसा. येशील ना गो, बाय?"

येईन म्हणायचं होतं. तोंड उघडलं तर भलतंच बाहेर आलं. जे इंदुबाईंच्या उशाशी बसून नऊ वर्षांत, गणेशपाशी, सुरभीपाशी कधी म्हटलं नव्हतं, ते.

"काकी, मी खूप दमलेय."

हौसाकाकीनं मूठ भरली, फेकली. दमली म्हणजे काय, कशानं, असं काही तिनं विचारलं नाही.

"मंग बस," ती म्हणाली. "मी हाय ना. माती मी हलवीन, तू बसून सांग. पाय तेवडे वर घे, बी पडतंय."

निशिगंधानं पाय वर घेतले आणि ती बांधावर बसून राहिली.